अंतर कोणते तुटले?

गोव्यातील मोपा विमानतळापासून सोलापूरच्या विमानतळापर्यंत अंतर किती आणि विमानास वेळ किती लागतो, हा प्रश्न वरवर पाहता वारकऱ्यांच्या मासिकात घेण्याजोगा नाही. ज्याला तिकीट काढावयाचे असेल त्याने तो तिकीट विकणाऱ्यास विचारावा. परंतु ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा अशी विमानसेवा सुरू झाली आणि हा प्रश्न कीर्तनास बसणाऱ्या मंडळींच्याही तोंडी आला. सत्तरी, डिचोली, पेडणे ह्या भागांतून पंढरीस पायी जाणारी मंडळी आहेत. साखळीस विठ्ठलाचे देऊळ आहे. तिकडच्या लोकांचे पंढरीशी नाते आजकालचे नव्हे. आणि प्रवासी विमान उतरते असे पंढरीस सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे सोलापूर. तेव्हा कोणी ना कोणी विचारणारच, "बुवा, तासाभरात सोलापूर, तेथून मोटारीने पंढरी. संध्याकाळच्या आत कळसाचे दर्शन. मग ही वारी झाली का नाही?"

प्रश्न साधा आहे. पण 'हो' म्हटले तरी उत्तर अपुरे राहते आणि 'नाही' म्हटले तरी कोणावर तरी अन्याय होतो. असा पेच पडला म्हणजे आमच्या जुन्या पाठशाळांत गुरुजी म्हणत, आधी शब्द धरा. येथे शब्द आहे 'अंतर'. ह्या एका शब्दात मराठीने दोन अर्थ भरून ठेविले आहेत. दोन गावांमधली लांबी तेही अंतर, आणि माणसाच्या आत जे काही आहे तेही अंतर. विमानाने ह्यांतले कोणते तुटते, एवढेच आज पाहू.

प्रथम आकडे घेऊ. वारकऱ्याने आकड्यांचा कंटाळा करू नये. टाळ वाजविणाऱ्यासही मात्रा मोजाव्याच लागतात.

मोपा ते सोलापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३०४ किलोमीटर भरते. सरळ रेषा म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोन ठिकाणांमधली सर्वांत आखूड वाट. विमानवाले ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अर्थात पृथ्वीच्या मोठ्या वर्तुळावरची सुमारे एक कला. अंश आणि कला हे शब्द पंचांग पाहणाऱ्यांस नवे नाहीत. साठ कलांचा एक अंश. ह्या मापाने मोपा ते सोलापूर सुमारे १६४ सागरी मैल होतात. ह्या मार्गासाठी आणले ते विमान दोन पंख्यांचे, सत्तर-बहात्तर माणसांचे. त्याचा हवेतला वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास. त्रैराशिक मांडले तर छत्तीस-सदतीस मिनिटे येतात. पण वेळापत्रकात धरावा लागतो सुमारे एक तास. मग उरलेली वीस-पंचवीस मिनिटे गेली कोठे?

त्याचे उत्तर असे. विमान आपल्या जागेवरून हलले तेथपासून दुसऱ्या ठिकाणी जाऊन थांबले तेथपर्यंतचा वेळ मोजावा लागतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत ते बैलगाडीसारखे रांगत जाते. वर चढताना त्याचा वेग कमी असतो. उतरण्यापूर्वी तो पुन्हा कमी करावा लागतो. शिवाय उतरताना वाऱ्याकडे तोंड करून धावपट्टीच्या समोर यावे लागते, त्यासाठी प्रसंगी वळसा घ्यावा लागतो. आकाश मोकळे दिसले तरी तेथेही वाट मागावी लागते, परवानगीसाठी थांबावे लागते. वैशेषिकांनी कर्माचे पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण म्हणजे वर जाणे, अपक्षेपण म्हणजे खाली येणे, आकुंचन म्हणजे आखडणे, प्रसारण म्हणजे पसरणे, आणि गमन. बरे का, एका विमानात ही पाचही कर्मे एका तासात पाहावयास मिळतात. ते वर जाते, चाके पोटात आखडून घेते, पुढे जाते, उतरताना चाके बाहेर पसरते आणि खाली येते. विद्यार्थ्यांना शिकविण्यास ह्याहून चांगले उदाहरण नाही! पण पाचांपैकी मनुष्य मोजतो ते गमन एकटेच. बाकीची चार कर्मे हिशेबातून सुटतात आणि मग 'छत्तीस मिनिटांचा तास कसा झाला' म्हणून तो कुरकुरतो.

आता नकाशावर पट्टी ठेवून पाहा. प्रत्यक्ष विमान थोडे इकडेतिकडे होईल, पण पट्टीची रेघ मोप्याहून निघून सह्याद्री ओलांडते, चिकोडीवरून जाते, कृष्णा ओलांडते, अथणी आणि जत यांच्या जवळून पुढे सरकते आणि भीमा ओलांडून सोलापुरास पोचते. ती भीमा कोणती? पंढरीच्या वाळवंटाला वळसा घालून खाली आलेली, आपण जिला चंद्रभागा म्हणतो तीच. ह्या रेघेपासून पंढरी उत्तरेकडे राहते. विमान तिला डावीकडे टाकून पूर्वेला निघून जाते, आणि मग यात्रेकरूला सोलापुराहून पश्चिमेकडे सुमारे पाऊणशे किलोमीटर माघारी यावे लागते. म्हणजे घाईने निघालेला मनुष्य देवाच्या गावाच्या पुढे जातो आणि मग परत फिरतो. ह्यात विमानाचा दोष काही नाही. विमानतळ जेथे असेल तेथेच ते उतरणार. पण ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडू. साखळीहून मोप्यास जाण्यास तासभर. विमान सुटण्यापूर्वी दीड-दोन तास जाऊन बसावे लागते. तासभर हवेत. सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. सोलापूर ते पंढरपूर दीड-दोन तास. एकूण सहा-सात तास झाले. हाच मनुष्य मोटारीने निघाला तर साडेतीनशे किलोमीटरांच्या घरातली सडक, घाट आणि थांबे धरून आठ-नऊ तास. म्हणजे विमानाने मोटारीवर मिळविले ते दोन-तीन तास. आणि पायी? दिवसाला पंचवीस किलोमीटर धरले तर चौदा दिवस. विमानाने पायांवर मिळविले ते तेरा दिवसांहून अधिक. लढाई खरी ह्या तेरा दिवसांची आहे. दोन-तीन तासांसाठी कोणी धर्मशास्त्र उघडीत नाही.

हा प्रश्न पहिल्यानेच उठला आहे असेही नव्हे. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी कुर्डूवाडीहून पंढरपुरास आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस्. टी. ची पहिली गाडी सुटली, आणि पुढे तीच एस्. टी. आषाढीला गावोगावची माणसे पंढरीस नेऊन सोडू लागली. दर पिढीने आपापल्या वाहनाविषयी हेच विचारले असणार. रेल्वे आली, मोटार आली, तरी पायी चालणारे संपले नाहीत. आणि रेल्वेने, एस्. टी. ने येणाऱ्यांस चंद्रभागेने स्नानास नाही म्हटले नाही. तेव्हा व्यवहाराने उत्तर केव्हाच दिले आहे. विचाराने ते अजून द्यावयाचे आहे.

एक पक्ष असा मांडला जातो. वारी म्हणजे चालणे. देह झिजला नाही, पायाला फोड आला नाही, पावसात भिजलो नाही, तर देवाजवळ काय म्हणून उभे राहावयाचे? विमानातून येणारा यात्रेकरू असेल, वारकरी नव्हे. दुसरा पक्ष ह्याच्या उलट. देव सर्वत्र आहे, भाव महत्त्वाचा. पायी गेला काय, उडून गेला काय, सारखेच. चालण्याचा आग्रह हा केवळ जुन्या काळी वाहने नव्हती म्हणून पडलेला पायंडा.

दोन्ही पक्ष ऐकावयास बरे वाटतात आणि दोन्ही लंगडे आहेत. पहिल्याला विचारावे, चालणे हीच वारी असेल तर डाकेची पिशवी खांद्यावर टाकून जन्मभर चाललेला पूर्वीचा हरकारा सर्वांत मोठा वारकरी म्हणावा काय? आणि जो अंथरुणास खिळला, जिचे गुडघे गेले, तिने पंढरीचे नाव सोडावे काय? दुसऱ्याला विचारावे, देव सर्वत्र असून सारे सारखेच असेल तर मग विमानाने तरी कशास जातोस? घरीच बैस! पण तो घरी बसत नाही. म्हणजे जाण्यात काहीतरी आहे हे त्यालाही कबूल आहे. ते काहीतरी म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून त्याची सुटका नाही.

ह्या ठिकाणी आम्हांस लहानपणी घोकलेला तर्कसंग्रह उपयोगी पडतो. अन्नंभट्टाचे ते छोटे पुस्तक पाठशाळेत मुलांच्या हाती पहिल्यांदा देतात. त्यात चोवीस गुणांत 'परत्व' आणि 'अपरत्व' असे दोन गुण सांगितले आहेत. परत्व म्हणजे दूरपण, अपरत्व म्हणजे जवळपण. आता दूर म्हणजे काय? नैयायिक मोठे कसोशीचे लोक. ते म्हणतात, दोन वस्तूंच्या मध्ये जे संयोग आहेत, म्हणजे हे ह्याला लागून, ते त्याला लागून अशी जी जोडणी आहे, ती ज्याच्या बाबतीत जास्त तो दूर. ज्याच्या बाबतीत कमी तो जवळ. काशी प्रयागाहून दूर, कारण मध्ये संयोग अधिक. म्हणजे अंतर ही काही रिकामी पोकळी नव्हे. मधल्या भेटीगाठींची ती गणती आहे.

ही व्याख्या आम्ही चाळीस वर्षे मुलांना सांगितली आणि दरवेळी वाटले, ही तर वारीची व्याख्या आहे. साखळीहून चालत निघालेल्या मनुष्याला मध्ये काय काय लागते पाहा. घाटातली वाडी लागते. तेथे कोणी ओसरी झाडून देतो. पुढे भाषा पालटते, कोकणी मागे राहते आणि कानडी कानावर येऊ लागते. भाषा कळत नाही, तरी पाण्याचा तांब्या कळतो. आपल्या देवालाही लोक कानडा म्हणतात, त्याचा अर्थ त्या तांब्यापाशी उमजतो. कोणाची भाकरी लागते, कोणाचा आजार लागतो, दिंडीतला एखादा भांडखोर लागतो. त्यालाही चौदा दिवस सांभाळून न्यावे लागते. रात्री पाय चेपणारा हात कोणाचा हे अंधारात दिसत नाही. हे सारे संयोग. हे मोजले म्हणजे अंतर होते. विमान काय करते? ते किलोमीटर तोडीत नाही. किलोमीटर जेवढे आहेत तेवढेच राहतात, सोलापूर काही गोव्याच्या जवळ सरकून आलेले नाही. विमान तोडते ते मधले संयोग. चिकोडी खालून जाते, अथणी खालून जाते, आणि कोणाची कोणाशी गाठ पडत नाही.

म्हणून 'पायी काय, उडत काय, सारखेच' हे खरे नव्हे. चालण्याचे कष्ट म्हणजे देवाला द्यावयाची किंमत, असेही नव्हे. विठ्ठलाने आमच्या पायांच्या फोडांचा भाव कधी ठरविला नाही. चालण्याचे महत्त्व एवढेच की त्यात मधली माणसे सुटत नाहीत. चालणारा जर चौदा दिवस 'मी चाललो, मी चाललो' असे मनात घोकीत गेला, गाडीतून येणाऱ्यास तुच्छ मानीत गेला, वाटेत पाणी देणाऱ्याचे तोंडही त्याने पाहिले नाही, तर तो जमिनीवरून चालला खरा, पण संयोग त्याचा एकाशीही झाला नाही. तो पायांनीच उडत गेला म्हणावयाचे. आणि उंचही फार गेला, कारण अहंकाराइतक्या उंचीवर विमानसुद्धा जात नाही.

मग विमानाची वाट निषिद्ध ठरली काय? नाही. त्यासाठी रामकथेकडे पाहावे. श्रीरामचंद्र अयोध्येहून निघाले ते पायी, शृंगवेरपुरापर्यंत तेवढा रथ. पुढे चौदा वर्षे रानावनांतून, ऋषींच्या आश्रमांतून, निषाद, शबरी, गृध्रराज, वानर अशा सर्वांशी गाठी बांधीत ते लंकेस पोचले. आणि परत आले ते पुष्पक विमानातून! जाताना चौदा वर्षे, येताना विमान. असे का? कीर्तनात हा प्रश्न विचारला की श्रोते म्हणतात, दमले असतील म्हणून. नव्हे. भरताने प्रतिज्ञा केली होती की, चौदा वर्षे पूर्ण होताच राम दिसला नाही तर अग्निप्रवेश करीन. अवधी संपत आला होता. वाट लांबची आणि बिकट. तेव्हा विभीषणाने पुष्पक पुढे केले. नंदिग्रामात जटा वाढवून बसलेल्या भावाचा प्राण वाचावा म्हणून राम विमानात बसले. स्वतःचे पाय वाचावे म्हणून नव्हे.

आणखी दोन गोष्टी त्याच कथेत आहेत. विमान चालले असता राम सीतेला खाली बोट दाखवीत होते: हा सेतू, ही किष्किंधा, ही पंपा, हा जनस्थानाचा प्रदेश, हा भरद्वाजांचा आश्रम. कालिदासाने रघुवंशाचा तेरावा सर्ग सगळा ह्याच प्रवासाला दिला आहे. वरून एवढे ओळखता आले कशाने? ती वाट आधी पायांखालून गेली होती म्हणून. जो कधीच चालला नाही त्याला खिडकीतून हिरवे-तांबडे तुकडे दिसतात. जो चालला त्याला माणसे दिसतात. दुसरी गोष्ट अशी की, वाल्मीकींच्या कथेत किष्किंधेवर आल्यावर सीतामाईने विमान थांबवावयास लावले आणि तारा वगैरे वानरस्त्रियांना बरोबर घेतले. विमानात बसूनसुद्धा तिने मधले संयोग सोडले नाहीत. वाहन तेच, पण बसणारी कोण हे पाहावे.

तेव्हा पहिली कसोटी आम्हांस अशी दिसते: वाचविलेला वेळ कोणासाठी वाचविला? विमानाने तेरा दिवस वाचले ना? उत्तम. ते तेरा दिवस आता कोणाच्या खात्यावर जमा झाले? लोक म्हणतात 'माझा वेळ वाचला'. तो वेळ तुझा कधीपासून झाला? वारीचे चौदा दिवस हे पूर्वीपासून देवाचे आणि देवाच्या माणसांचे ठरलेले आहेत. ते तू एका दिवसात आटोपलेस, तर उरलेले तेरा दिवस ठेव म्हणून तुझ्यापाशी राहिले. ठेव परत करावी लागते. ती गिळली तर त्याला काय म्हणतात हे बाजारातल्या लहान पोरासही ठाऊक आहे.

परत कोणाला करावी? येथे तर्कसंग्रहाची उरलेली ओळख करून घेऊ. परत्व दोन प्रकारचे सांगितले आहे. एक दिशेचे, म्हणजे गावाचे दूरपण. ते वर आले. दुसरे काळाचे. जो आधी जन्मला तो काळाने 'पर', मागाहून जन्मला तो 'अपर'. म्हणजे वडीलपण हेही शास्त्राच्या मते दूरपणच आहे. घरातली म्हातारी आई चार हातांवर खाटेवर पडली आहे, पण काळाने ती आपणांपासून तीस-चाळीस वर्षे दूर आहे. तिला ऐकू येत नाही, एकच गोष्ट ती चार वेळा विचारते, आपल्या घाईत तिची भाषा बसत नाही. हे अंतर तोडणारे विमान अजून निघालेले नाही आणि निघणारही नाही. ते पायीच चालावे लागते: रोज थोडे, तिच्या खाटेशी बसून, तेच उत्तर पाचव्यांदा देत.

पुंडलिकाने दुसरे काय केले? देव त्याच्या दारी आला. अंतर देवाने तोडले, पुंडलिकाने नव्हे. आणि देव दारात उभा असता पुंडलिकाने वीट भिरकावून सांगितले, थांब, आईबापांचे पाय चेपतो आहे. सगळ्या जगात जलद पोचणारा देव तेथे येऊन थांबला तो थांबलाच. पंढरीचे क्षेत्र घाईने पोचण्यावर उभे नाही. सेवेसाठी देवाला थांबावयास सांगण्यावर उभे आहे. म्हणून ज्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे आणि तिला सोडून चौदा दिवस बाहेर पडणे जिला जन्मात साधले नाही, ती सून एक दिवस शेजारणीला बसवून विमानाने किंवा मोटारीने पंढरी गाठून दुसऱ्या दिवशी परत सासूच्या उशाशी आली, तर तिची वारी झाली का, असे आम्हांस कोणी विचारू नये. तिची वारी वर्षभर चाललीच होती. पंढरीस ती फक्त सांगावयास गेली. आणि ज्याच्या घरी कोणी आजारी नाही, रजा आहे, पाय धड आहेत, तो तेरा दिवस वाचवून ते चकाट्या पिटण्यात घालवील, तर विमानाने त्याचे अंतर तुटले नाही. उलट वाढले.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आकाशातली वाट फुकट सापडते असे समजू नये. विमान उतरावयाचे तर खालची जमीन मोकळी लागते. सोलापुरात श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून कित्येक वर्षे वाद चालला आणि जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. शहराला विमान पाहिजे हेही खरे आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचा जीव त्या कारखान्यात गुंतलेला, हेही खरे. आम्ही एवढेच म्हणतो की, तासाभरात सोलापुरास उतरणाऱ्या वारकऱ्याने खिडकीतून खाली पाहावे आणि आपला वेळ वाचावा म्हणून कोणी काही सोडले आहे हे आठवावे. दिंडीत वाट सोडून उभे राहणाऱ्यासही आपण हात जोडतो. येथे तर पुष्कळांना वाट सोडावी लागली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. मोपा ते सोलापूर ३०४ किलोमीटर, विमानास सुमारे एक तास, आणि पंढरीस पोचेपर्यंत सहा-सात तास. हे बाहेरचे अंतर. ते विमानाने तुटते, खुशाल तुटू द्यावे. ज्याचे पाय गेले, ज्याची रजा दोन दिवसांची, जिच्या घरी सेवा पडली आहे, त्यांना आम्ही हात जोडून सांगू, सोयीचे वाहन घ्या, मनात कमीपणा ठेवू नका. ज्याला चालता येते त्याने निदान एकदा तरी चालावे. पुढे कधी उडत जावे लागले तर खाली काय आहे हे त्याला ओळखू येईल. आणि जो उडत गेला त्याने परत आल्यावर आपले तेरा दिवस मोजून काढावे व ज्याचे त्याला पोचते करावे. गावात जो कोणी एकटा पडला आहे त्याच्या ओसरीवर तेरा संध्याकाळ जाऊन बसावे. रोज अर्धी घटका का होईना. जे संयोग वरून सुटले ते खाली येऊन जोडावे.

कोणी म्हणेल, बुवा, ही तर शिक्षाच झाली. तसे नाही, बाबा. सहा-सात तासांत देवाच्या दारी गेलास खरा. पण देव विटेवर उभा आहे तो माणसाच्या सेवेपायी थांबून राहिलेला. त्याला भेटून जो घाईघाईने निघतो त्याची भेट झाली ती मूर्तीशी. जो घरी येऊन कोणापाशी तरी थांबतो, त्याने देव पाहिला असे समजावे. मग त्याच्या तिकिटावर वेळ किती छापली होती हे विचारावयाचे कारण नाही.

रामकृष्णहरि.